दहा घंटांचा निरोप

आमचे हे, इवामी तेत्सुओ, बॉक्सिंगमध्ये फार मोठे झाले नाहीत. होऊ शकले असते, आणि हे मी बायको म्हणून नाही सांगत, आमागासाकीत कुणालाही विचारा. पण आमच्याकडे बॉक्सर जिमचा असतो. मालकाने सोडचिठ्ठीवर शिक्का मारल्याशिवाय दुसऱ्या जिमकडून लढता येत नाही. यांच्या म्हाताऱ्या मालकाने तो शेवटपर्यंत मारला नाही, मेल्याने! ऐन उमेदीची वर्षं बाकावर बसून गेली.

म्हणून स्वतःची जिम काढल्यावर हे प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी सांगायचे, "जायचं असेल तर तोंडावर सांग. मी शिक्का मारीन."

नागिरालाही सांगितलं होतं. आठ वर्षं तो माझ्या हातचं जेवला. वजन उतरवताना तो उपाशी राहायचा, तर हेही भाताला शिवायचे नाहीत. आणि गेल्या शरदात त्याने यांच्यापुढे डोकं टेकलं. "मालक, डाव्या डोळ्याला एकाचे दोन दिसतात. थांबतो आता." हे ढसाढसा रडले. भर सामन्यांत दिवे मंद करून बॉक्सर निवृत्त होताना वाजवतात त्या निरोपाच्या दहा घंटा त्याच्यासाठी यांनीच वाजवल्या. मग रोज सकाळी याकुशी बुद्धापुढे उभे, पोराची नजर राहू दे म्हणून.

फेब्रुवारीत तोक्योच्या एका बड्या जिममधून फोन आला. "नागिरा आमच्याकडे सराव करतोय. सोडचिठ्ठी कधी पाठवता?"

डोळ्याला काही झालेलंच नव्हतं!

दोन दिवसांनी नागिराची स्वारी मिठाईचा डबा घेऊन दारात. मी म्हटलं, "तो डबा बाहेर ठेव. लाज कशी नाही वाटत रे?"

"काकू, मालक सोडतील असं वाटलं नाही. बोलतात सगळेच. निवृत्त झालेल्याचा कागद कोण अडवणार, म्हणून..."

"म्हणजे मी तुला त्या म्हाताऱ्यासारखा वाटलो?" यांनी विचारलं. आणि सोडचिठ्ठीचा कागद पुढे ओढला.

"मारू नका शिक्का! बसू दे बोंबलत," मी ओरडले. यांनी ऐकलं नाही. शिक्क्यावर फुंकर घातली आणि तो कागदावर दाबला. नागिराला रडू फुटलं.

"डोळा ठीक आहे ना?"

"हो, मालक."

"हे ऐकून मी आनंदाने नाचायला हवं होतं. आनंद झालाच नाही रे. तेवढाही माझ्याकडे ठेवला नाहीस."