किनुयोसानची स्कायलाइन मूळपदावर

मुळे धुऊन झाले होते. चाळीसपैकी सतरा दोरीला बांधून अंगणातल्या बांबूवर टांगले होते, बाकीचे टोपलीत पडले होते, तेवढ्यात मोतेगीबाई फाटकातून आत आल्या. हातात वस्तीची फिरती फाईल. आमच्याकडे सूचना अशीच फिरते. वाचायची, आपल्या घराच्या चौकटीत शिक्का मारायचा आणि शेजारी नेऊन द्यायची. आमच्यानंतरचं घर किनुयोसानचं.

"या वेळी जरा नाजूक आहे," मोतेगीबाई म्हणाल्या. त्यांचे यजमान वस्तीचे अध्यक्ष. "नाव कुणाचं घातलेलं नाही हं."

नाव खरंच नव्हतं. 'काही वाहनांच्या आवाजाबद्दल तक्रारी आल्या आहेत. सर्वांनी काळजी घ्यावी ही विनंती.' अकरा शिक्के आधीच पडलेले. मी ओले हात एप्रनला पुसले, बारावा मारला आणि फाईल घेऊन निघाले.

किनुयो आराई त्रेसष्ट वर्षांची. खुर्च्यांचे सांगाडे करणाऱ्या कारखान्यात तिने चौतीस वर्षं वेल्डिंग केलं. लग्न केलं नाही. एकतिसाव्या वर्षी तिने जुनी निसान स्कायलाइन घेतली, राखाडी, चार दरवाजांची, आणि पुढचं सगळं आयुष्य त्या गाडीखाली पाठ टेकून काढलं. टर्बो बदलला, स्प्रिंगा बदलून गाडी चार बोटं खाली बसवली, शर्यतीच्या गाडीची सीट लावली. सायलेन्सरचा पाइप मात्र विकत आणला नाही. तो तिने स्वतः कापून, वाकवून, जोडून केला. तीन हिवाळे गेले त्यात. जोडांवर निळी-जांभळी झाक होती, कबुतराच्या मानेसारखी. रविवारी उजाडताना ती आकागीच्या घाटात जायची आणि मी देव्हाऱ्यात भात ठेवायच्या सुमारास परत यायची.

दर दोन वर्षांनी गाडीची सरकारी तपासणी असते. त्यात असले उद्योग चालत नाहीत, म्हणून गाडीचा नाद असलेल्या प्रत्येकाच्या घरी कंपनीचे मूळ भाग फडक्यात गुंडाळून ठेवलेले असतात. किनुयोसान आदल्या दिवशी ते चढवायची, तपासणी झाली की उतरवायची. "दोन वर्षांतून एकदा सासरी जाते हिची गाडी, मान खाली घालून," मोतेगीबाई म्हणायच्या आणि आम्ही हसायचो.

तिने फाईल दारातच वाचली.

"ही माझ्याबद्दल आहे ना, फुमीसान?"

"नाव नाहीये हो कुणाचं."

"पण वस्तीत आवाजाची गाडी माझीच आहे."

शिक्का मारला तिने. पुढच्या रविवारी पाइप खाली उतरला होता आणि कंपनीचा सायलेन्सर बसला होता. ती तांदळाच्या खाऱ्या बिस्किटांचे पुडे घेऊन वीसही घरी गेली. "झाला तो त्रास माफ करा. आता ऐकून बघा, येतच नाही आवाज."

अध्यक्ष मोतेगीसान फाटकाशी कौतुकाने म्हणाले, "वा, आराईसान, फारच छान!" ती वळल्यावर बायकोला म्हणाले, "गाडी दिसायला मात्र तशीच."

जानेवारीत दुसरी फाईल आली. 'बदललेली वाहने पाहून लहान मुलांच्या पालकांना काळजी वाटते. लवकरात लवकर योग्य ते करावे.' वस्तीत मुलं चार. चारही त्या गाडीला हात हलवायची.

डोंगरावरून कोरडा बोचरा वारा सुटला होता. किनुयोसान जमिनीवर पुठ्ठा टाकून गाडीखाली शिरली होती. मी चहा नेला. तिची बोटं फुटली होती, पान्याला रक्त लागलं होतं.

"अहो, थंडीत कशाला? उन्हाळ्यात करा."

"लवकरात लवकर असं लिहिलंय."

"तसं लिहायची पद्धत असते हो."

ती गाडीखालूनच म्हणाली, "मग खरंच लवकर हवं असेल तेव्हा काय लिहितात?"

मी कप तिथेच ठेवला आणि परत आले.

स्प्रिंगा गेल्या, सीट गेली, टर्बोही गेला. फेब्रुवारीच्या शेवटी ती स्कायलाइन कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी असेल तशी झाली. पुन्हा ती घरोघर गेली, या वेळी रताळ्याच्या वड्या घेऊन. लोकांनी वड्या घेतल्या. बत्तीस वर्षांत हाताने जोडलेलं एकेक जिने उलट्या क्रमाने काढून ठेवलं, तिच्याबद्दल वस्तीत एकच बोललं गेलं, वड्या जरा कोरड्या होत्या.

मार्चमध्ये तिसरी फाईल आली. 'वस्तीच्या वाहनतळावरील एक जागा एप्रिलपासून रिकामी होत आहे. इच्छुकांनी नाव लिहावे.' तळावर सहा जागा. एक किनुयोसानची. फाईल मीच नेऊन दिली.

"कोणाची रिकामी होतेय?" तिने विचारलं.

मी माझ्या चपलांकडे बघितलं. "मोतेगीसानना विचारा."

तिने विचारलं. मी मागे उभी होते, म्हणून शब्द न् शब्द माझ्या रोजच्या वहीत उतरवता आला.

"आराईसान, तुम्ही एवढं केलंत, आम्हाला आनंद आहे. पण काय आहे, लोकांना त्या गाडीचा त्रास व्हायची सवय झालीय."

"आवाज येतो अजून?"

"येत नाही. पण येईल असं वाटतं."

"मग मी काय काढू आता?"

मोतेगीसान हसले. बाई आतून म्हणाल्या, "अहो, गाडी!"

जागा नसेल तर इथे गाडी ठेवता येत नाही. कायदाच आहे. घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा हवी आणि हातात फक्त महिनाअखेरपर्यंतचा वेळ होता. दोन किलोमीटरमध्ये ज्यांची जमीन, ते सगळे ओळखीचे. ती दारोदार फिरली. 'विचार करतो,' असं सगळे म्हणाले. इथे विचार करतो म्हटलं की विषय संपतो, हे चार वर्षांच्या पोराला कळतं. ती मात्र दुसऱ्या दिवशी विचार झाला का म्हणून विचारायला जायची. लोकांना करमणूक झाली. 'आज तुझ्याकडे आली का?' असं दुकानात एकमेकांना विचारू लागले. एकाने तर तिला तीन दिवस खेपा घालायला लावल्या, मुद्दाम.

आमच्याकडेही आली. आमच्या अंगणात छोटा टेम्पो उभा राहून आणखी एक गाडी सहज बसते.

"घरात विचारून सांगते," मी म्हणाले.

आमच्या ह्यांनी सूपचा वाडगा खाली ठेवला नाही. "पुढची फाईल आपल्या नावाची फिरवायचीय का?"

दुसऱ्या दिवशी सातला ती फाटकात. "काय म्हणाले?"

"टेम्पो वळवायला लागतं हो अंगण."

तिने नजरेनेच मोजलं. "मी अगदी भिंतीला लावीन. तुम्हाला तीन मीटर उरतात."

"आणि माझी कपड्यांची दोरी?" मी म्हणाले. माझा आवाज मला ऐकू आला, मोतेगीबाईंसारखा होता. ती कमरेत वाकली, सकाळी सकाळी त्रास दिला म्हणाली आणि गेली.

त्या दुपारी अमिदा बुद्धाच्या नावाचा जप काही होईना. अमिदा चांगल्यांच्या आधी वाइटांना उचलतो असं आमच्यात मानतात. मला त्याचा नेहमी आधार वाटायचा. त्या दिवशी लाज वाटली.

तीस मार्चला ताकासाकीहून गाड्यांचा व्यापारी आला. तरुण, हातात पांढरे मोजे. बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला आणि खालूनच ओरडला, "अरे बापरे! सगळं कंपनीचं! अशा गाड्या आता उरल्याच नाहीत. लोकांनी काहीबाही लावून वाट लावली सगळ्यांची. हिला तर कुणी हातच लावला नाही!"

"लावला होता," किनुयोसान म्हणाली.

"पुसायला ना? दिसतंय की." तो हसत बाहेर आला.

शेडमध्ये तो पाइप भिंतीला टेकून उभा होता. त्याने बुटाच्या टोकाने हलवला. "हे कुणाचं? घरगुती दिसतंय. असलं मी नेत नाही."

तिने तो पुन्हा नीट भिंतीला टेकवला. भाव मात्र त्याने फार चढा दिला, परदेशात अशा गाडीवर उड्या पडतात म्हणाला. रस्त्यात पाच-सहा जण जमले होते. मोतेगीबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "बघा! आपण मागे लागलो म्हणून चांगला भाव आला. आराईसान, आता वड्या ताज्या आणा हं!"

सगळे हसले. मीही हसले. किनुयोसानने सर्वांचे वाकून आभार मानले, आणि ती थट्टा करत नव्हती. तिला वाटलं, बाई खरंच अभिनंदन करताहेत.

व्यापाऱ्याने कागदांची यादी तिच्या हातात दिली. उद्या सकाळी तिला नगरपालिकेत जाऊन गाडीवरचं आपलं नाव उतरवायला लागणारा तिच्या शिक्क्याचा दाखला आणायचा आहे.