माहेरच्या नावाची कविता

मित्रांनो, आज धरमपेठेतल्या माझ्या जुन्या मासिकांच्या दुकानात नरखेडकडचे एक काका-काकू आले. अंक चाळता चाळता काकू एका पानावर थबकल्या. तिथे त्यांच्या माहेरच्या नावानं एक कविता छापलेली होती.

"लग्नाआधी पाठवली होती. छापली, हे मले माहीतच नव्हतं."

काकांनी अंक हातात घेतला. "तू कविता लिहायची? मले काहून नाही सांगितलं वं?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

काकांनी उभ्याउभ्याच ती कविता मोठ्यानं वाचली. मग म्हणाले, "आणखी पाठवल्या होत्या काय?"

"पाठवल्या होत्या बऱ्याच."

काका खाली बसले आणि एकेक गठ्ठा सोडू लागले. संध्याकाळपर्यंत दुसरी सापडली नाही. रविवारी ते पुन्हा येणार आहेत. तुमच्या माळ्यावर जुनी मासिकं असतील तर त्याआधी मला देता का?