कातरीनबाई आणि पेन्सिल

कातरीनबाईंच्या घरात पेन्सिल नव्हती. वाणसामानाची यादीसुद्धा त्या शाईच्या पेनाने लिहीत. माझ्या मुलाने एकदा गृहपाठासाठी पेन्सिल मागितली, तर म्हणाल्या, "पुसता येणार नाही असंच लिहावं. चुकलं तर चुकलेलं दिसू दे."

अमेरिकेत, पिस्कॅटवेला, आमच्या शेजारी त्या एकट्या राहत. मूळच्या लक्झेंबर्गच्या. त्यांचा देश मी नकाशात भिंग लावून शोधला. "आमचं कुणाशी भांडण नव्हतं," त्या सांगत, "तरी एका पहाटे जर्मन फौज आली. आईने चुलीवर दूध ठेवलं होतं. ते उतू जायच्या आत गाव त्यांचं झालं." लढाई संपल्यावर एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून त्या इकडे आल्या. तो केव्हाच वारला होता. मूलबाळ नव्हतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी बोलायची मला लाज वाटे, पण त्यांच्यापुढे नाही. त्यांचंही अडखळतच चाले.

ऐंशी साली जनगणनेचा फॉर्म आला. घरात कोणती भाषा बोलता, असं त्यात विचारलं होतं. मुलाने पेन्सिलीने 'फक्त इंग्रजी'वर खूण केली. म्हणाला, "आई, सिंपल ठेवू या ना."

कातरीनबाई आमच्याकडे चहाला आल्या होत्या. "का रे, तुझी आई पोळ्या इंग्रजीत लाटते?"

तो हसला. त्या हसल्या नाहीत. त्याला खूण खोडून 'मराठी' लिहायला लावलं, आणि तो खेळायला गेल्यावर मला सांगितलं.

"जर्मनांनी असाच कागद वाटला होता. भाषा कोणती, वंश कोणता. गावात कुजबुज झाली, सगळ्यांनी लक्झेंबर्गीच लिहायचं. वडिलांनीही मला तेच सांगितलं. घरात माझं अक्षर चांगलं, म्हणून लिहायचं काम माझं. मी 'जर्मन' लिहिलं. पेन्सिलीने. वाटलं, जर्मनांची मर्जी राहिली तर निकोचा जीव तरी वाचेल. दिवस पालटले की पुसून टाकू."

निको त्यांचा धाकटा भाऊ. कागद न्यायला आलेल्या माणसाने दारातच तो वाचून शाबासकी दिली, "चला, एका घरात तरी शहाणी माणसं आहेत!" निकोने ते ऐकलं. त्या दिवसापासून तो बहिणीशी बोलला नाही. पुढच्या वर्षी जर्मनांनी त्याला त्यांच्याच सैन्यात ओढून नेलं. स्टेशनवर तो आईच्या गळ्यात पडला, वडिलांचा हात हातात घेतला. "आणि फलाटावरच्या ट्रंकेला वळसा घालावा, तसा मला वळसा घालून गेला."

तो रशियात मेला.

त्या जनगणनेनंतर सात वर्षांनी कातरीनबाईंना पक्षाघाताचा झटका आला. इंग्रजी पार गेलं. राहिली ती त्यांची भाषा, आणि इस्पितळात ती कुणालाच येत नव्हती. नर्स बिचाऱ्या मोठमोठ्याने इंग्रजी बोलत. मी रोज दुपारी जाऊन बसे.

एका दुपारी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "निको," म्हणाल्या आणि काहीतरी विचारलं. शब्द मला कळले नाहीत. पुन्हा तेच विचारलं. पुन्हा तेच. मेलेल्याच्या वतीने बोलणारी मी कोण? पण खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि मराठीतच म्हटलं, "नाही गं ताई, माझा राग नाही तुझ्यावर."

मनगटावरची पकड सुटली. ऐकून सुटली की जीव गेला म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.