चौकोन दिसत असतील तर

सत्यवानकाकांचा फोन कायम खुर्चीच्या हाताशी असायचा. देवगडच्या कचेरीतून टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेला हा माणूस यशोदाकाकी गेल्यापासून घरात एकटाच होता. चहासुद्धा फोनकडे बघत प्यायचे. फोन काही वाजायचा नाही.

दोन हजार चार साली त्यांनी एक खूळ डोक्यात घेतलं. पत्रं लिहायचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम होता. तो कॉम्प्युटरवर चढवताना ज्या सूचना येतात, त्या सगळ्या यांनी मराठीत केल्या. आठ महिने बसून! माझा कॉम्प्युटर क्लास शेजारीच, त्यामुळे त्यांचं मशीन मीच लावून दिलं होतं. पहिल्याच स्क्रीनवर त्यांनी आपला फोन नंबर घातला, तोही मराठी आकड्यांत.

"काका, आकडे तरी इंग्लिश घाला."

"कित्याक? मराठीत बोलाक बसलंय, तर सगळा मराठीतच बोलतलंय."

हट्टी म्हणजे किती! प्रोग्राम इंटरनेटवर गेला, सीड्या वाटल्या गेल्या, आणि काका फोनजवळ बसले. रोज संध्याकाळी मधल्या दगडी गडग्यावरून विचारायचे, "तुझ्या क्लासात कोणी इचारल्यान काय गो?" मी म्हणायचे, "विचारतील हो." दोन वर्षं हेच! आणि मी मेली, ती सीडी एकदाही घालून बघितली नाही. मुलांना इंग्रजीच हवं असतं, असं स्वतःलाच सांगत बसले.

शेवटी माझी मलाच लाज वाटली. क्लासात नवं मशीन आलं, त्यात काकांची सीडी घातली. बघते तर स्क्रीनभर नुसते चौकोन. जुन्या मशीनवरून मराठी फॉन्ट आणून टाकला. अक्षरं आली, पण जोडाक्षरं फुटलेली आणि वेलांट्या भलत्याच बाजूला. मग आठवलं, आपल्या लिपीसाठी सेटिंगमध्ये एक खूण करावी लागते. काकांच्या मशीनवर ती मीच केली होती आणि साफ विसरून गेले होते. खूण केली, मशीन बंद करून परत चालू केलं. आता ओळ स्वच्छ उमटली.

"अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर मला फोन करा. सत्यवान, देवगड." आणि पुढे नंबर.

शिरा पडो माझ्या तोंडार! ज्याला चौकोन दिसणार, त्याला नंबराच्या जागीही चौकोनच दिसणार ना!

मी तो नंबर फिरवला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

"बोला, बोला! खंयसून बोलतास?" त्यांचा एवढा आनंदी आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"काका, मी किशोरी."

"तू गो."

मी सगळं सांगून टाकलं. आता ओरडतील म्हणून वाट बघत राहिले.  पण काका हळूच म्हणाले, "म्हणजे लोकांका नंबर दिसाकच नाय? माका वाटला, माझ्याशी कोणाक बोलूचाच नाय."