गार डब्यातली दुपार

धाकटीला विजेची भीती लहानपणापासूनची. इस्त्रीची पिन लावायची तरी ती नवऱ्याला हाक मारायची, आणि नवरा घरात नसला तर कपडे तसेच चुरगळलेले घालायची. अशा बाईला नोकरी लागली ती कुठे, तर वीज पिकवायच्या शेतात. नशिबालाही कधी कधी थट्टा सुचते.

शेत काचांचं होतं. नजर जाईल तिथवर सोलरच्या काचा उन्हाकडे तोंड करून पसरलेल्या आणि टोकाला एक बिनखिडक्यांची पांढरी इमारत. तिच्यात माणसं मोजकी, बाकी सगळे कॉम्प्युटर. साऱ्या जगाची गाणी, फोटो, बँकांचे हिशेब तिथे ठेवलेले असतात, असं मुकादम सांगायचा. कॉम्प्युटरांना वीज लागते रात्रंदिवस. ऊन मात्र संध्याकाळी घरी जातं. म्हणून दिवसाची वीज रात्रीसाठी साठवायला काचांच्या कडेला बॅटऱ्यांचे लोखंडी डबे उभे केले होते. एकेक डबा खोलीएवढा, आणि बॅटऱ्या तापू नयेत म्हणून आत गार हवा सोडलेली.

धाकटी आणि तिची थोरली जाऊ काचा धुवायच्या. डब्यांतली फरशीही त्याच पुसायच्या, आणि किल्ली अर्थातच थोरलीच्या कमरेला. थोरली म्हणजे घरातलं सरकार. घरात डाळ किती शिजायची आणि कोण कधी झोपायचं, हे तीच ठरवायची. धाकटीला विजेची भीती होती, पण थोरलीची त्याहून थोडी जास्तच.

दुपारी काचांखालची सावलीसुद्धा चटके द्यायची. थोरली तेव्हा जेवण घेऊन सरळ डब्यात शिरायची.

"बॅटऱ्यांना गारवा आणि माणसांना भट्टी. हे कुठलं शहाणपण?" ती म्हणायची. "ये आत, भित्रे."

"नको ताई. मी दाराशी बसते. कुणी आलं तर हाक मारीन."

"बस मग. वाळून खारीक हो."

जेवण झालं की थोरली काचा पुसायची ओली फडकी गार हवा येणाऱ्या जाळीवर पसरायची. गार वाऱ्यावर झकास वाळायची ती. मग कानात गाणी लावून पुठ्ठ्यावर आडवी व्हायची. जाळीपुढे काही ठेवायचं नाही, हवा अडली की बॅटऱ्या तापतात, हे मुकादमाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणखीही सांगितलं होतं: घंटा वाजली की बाहेर पळा. मग भोंगा होईल. भोंगा थांबला की आग विझवणारा वायू सुटेल; त्यात आग गुदमरते आणि माणूसही. बाकीच्यांनी जांभया देत ऐकलं. धाकटीची मात्र त्या रात्री झोप उडाली.

एकदा तिने धीर करून तोंड उघडलं होतं. "ताई, त्या जाळीवर..."

"काय त्या जाळीवर?"

"काही नाही."

आणि मग ती दुपार आली. धाकटी दाराला टेकून बसली होती. आधी वास आला, उतरलेल्या फळासारखा गोडूस. आसपास फळ कुठलं? तिने पाठ टेकवली तर दाराचा पत्रा कोमट लागला. रोज तो गार असायचा. तेवढ्यात घंटा वाजायला लागली.

"ताई!" तिने हाक मारली. आतून उत्तर नाही. गाणी असणार कानात.

धाकटी उठली ती पळायलाच. चार पावलं गेलीही. मग थांबली. मुकादमाला हाक मारायला तिने इकडेतिकडे पाहिलं. काचांच्या रांगांत कुणी दिसेना. ती परत फिरली, तो काही शूरपणा नव्हता. संध्याकाळी दारात दीर उभे राहतील, ही कुठे आहे म्हणून विचारतील, आणि आपल्याला सांगावं लागेल की मी बाहेरच होते. ही भीती आगीच्या भीतीवर चढून बसली एवढंच.

आत धूर अजून नव्हता, पण त्या वासाने डोळे चुरचुरले. दोन्ही बाजूंना बॅटऱ्यांची कपाटं, त्यातल्या एकातून सुरसुर असा आवाज. थोरली तोंड उघडं टाकून घोरत होती. भोंगा सुरू झाला. धाकटीने तिच्या कानातली तार ओढली आणि तिला गदागदा हलवलं.

"ऊठ गं, मरशील!"

"कुणाशी बोलतेस तू?" थोरली झोपेतच करवादली. मग तिच्या नाकात वास शिरला, भोंगा ऐकू आला, आणि सरकार चारी पायांवर आलं. तिला उभं राहताच येईना. धाकटीने तिला काखेत धरून फरफटत बाहेर काढलं, दार ढकललं, आणि दोघी पडत-रखडत काचांच्या आडोशाला जाऊन कोसळल्या.

भोंगा थांबला. आत फुस्स झालं आणि दाराच्या फटीतून पांढरं काहीतरी बाहेर आलं.

मुकादम धावत आला. "आत कुणी आहे का?"

"नाही," धाकटी म्हणाली.

भोंगा ऐकून जमलेल्या सगळ्यांना तो लांब पिटाळत गेला. पांढऱ्या इमारतीला काही पत्ता नव्हता. दुसऱ्या डब्यांनी या डब्याचं ओझं उचललं होतं. थोरलीच्या मुठीतल्या फोनमध्ये गाणं अजून चालूच होतं.

थोरली हळूच म्हणाली, "फडकी आतच राहिली."

"जाळीवर."

"तू बघत होतीस?"

"रोज."

"मग बोलली का नाहीस, बये?"

"तुमची भीती वाटते, ताई."

थोरलीने फोन बंद केला. तिकडून मुकादम हात हलवून दोघींना ऑफिसात बोलवत होता. थोरलीने कमरेची किल्ली चाचपली, उठायला गेली आणि पुन्हा खाली बसली.

"फडकी मीच वाळत घातली म्हणून सांगते," ती म्हणाली. "पण तू चल बरोबर."

"चला."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," धाकटी म्हणाली आणि तिने थोरलीला उठवायला हात पुढे केला. थोरलीने तो घट्ट धरला आणि ऑफिसच्या दारापर्यंत सोडला नाही.