मामाच्या पाया पडले नाही

"पाया पड मामाच्या," अधीक्षकबाई म्हणाल्या.

मामा खुर्चीत बसून चहा पीत होता. मी खाली फरशीवर उकिडवी. शेजारची खुर्ची रिकामीच होती, पण धंद्यातून सोडवून आणलेल्या बाईला खुर्ची कोण देणार!

पोलिसांनी धाड टाकून मला सोडवलं आणि सरकारी सुधारगृहात ठेवलं. रक्ताचं माणूस आलं की पोर त्याच्या हवाली करायची, ही तिथली रीत. पुरुषमाणूस पाहिजे म्हणून मायनं आपल्या भावाला, ह्याच मामाला, आत पाठवलं. ती फाटकाशी बसून राहिली.

आमच्याकडे लग्नात नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. मंठ्याजवळच्या आमच्या गावात माझ्याही मागे तो उभा होता. स्थळ त्यानंच आणलेलं. हुंडा नको म्हणणारा, परमुलखातला नवरा. त्या नवऱ्यानं मला सरळ कोठ्यावर विकलं. वर म्हणाला, "मामाला विचार तुझ्या. सौदा त्यानंच केला."

"तोंड पाडून काहून बसली?" मामा हसला. "चल घरी. धाकटीचंबी जमवून राह्यलो. पाव्हणे तुह्या नवऱ्याच्या मुलखातलेच हायेत."

धाकटी. माझी बहीण, अजून शाळेत जाणारी.

मी उठले आणि रिकाम्या खुर्चीत बसले. "ह्यानंच मला इकलं. मी पाया पडत न्हाई. पोलिसाला बोलवा."

"घरची अब्रू चव्हाट्यावर आणू नकोस," बाई म्हणाल्या. "सरकारनं सोडवलं, उपकार मान."

"सोडवायचं तर बराबर सोडवा!" मी इतकी ओरडले की फाटकावरचा हवालदार धावत आला. त्याला सगळं सांगितलं. पोलीस गावात गेले, धाकटीचं लग्न थांबलं. मामाला बेड्या पडल्या.

मग माय मला फाटकाशी भेटायला आली. गच्च मिठी मारली. खूप दिवसांनी तिच्या पदराचा वास आला. माझ्या कानाशी ती म्हणाली, "माहा एकच भाऊ हाय गं. जबाब माघारी घे."

"न्हाई, माय."

तिनं हात सोडले. वळून न बघता गेली. मी तिथंच मातीत बसून हमसून हमसून रडले. पुन्हा ती आली नाही.

आता खटला उभा राहिला आहे. मामाच्या बाजूनं साक्ष द्यायला माय येणार आहे म्हणे. येऊ दे. तिच्या डोळ्यांत बघून बोलेन. त्यानंतर तिनं मला लेक म्हटलं नाही तरी चालेल. मी साक्ष फिरवणार नाही.