मागची फळी

माझ्या नावेवर एक रीत होती. मोठी माणसं मागच्या फळीवर, माझ्याजवळ बसायची, कारण पुढं पाणी उडतं. ती रीत कुणी घातली ते मला ठाऊक नाही. मी ती मोडली नाही एवढं खरं, आणि जे लिहायचं आहे ते तिथूनच सुरू होतं.

नांदेडच्या वरच्या अंगाला, धरणानं अडलेल्या गोदावरीच्या फुगवट्याकाठी आमचं गाव. मी कितीतरी वर्षं गावाची नाव चालवली. आता पूल झाला आहे. नाव बाभळीखाली पालथी पडलेली असते आणि माझी कंबर धरलेली असते.

नावेच्या शेपटाला पाच हॉर्सपॉवरचं जुनं मशीन टांगलेलं होतं. एका उन्हाळ्यात ते धापा टाकू लागलं, म्हणून शहरातल्या मिस्त्रीकडून खोलून घेतलं. हा मुसलमान मिस्त्री माझ्याच वयाचा, बापापासून पंप आणि मोटारी दुरुस्त करणारा. काठावरच्या तीन गावांचं काम त्याच्याकडं जायचं. मशीन बसवून झालं, पण दहा माणसं चढली की नावेचं नाक वर आणि शेपूट पाण्यात. मशीन ओरडायचं, नाव रांगायची.

मिस्त्री स्वतः आला. एक फेरी गप्प बसून पाहिली. काठाला लागल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मशीन एकदम बराबर हाय, भाऊ. वजन समदं मागं. तुमची इज्जत मागं बसून राहिली, म्हणून नाव आभाळाकडं बघती."

"मग काय करू?"

"मोठ्या लोकाला पुढं बसवा. पेट्रोलचा डबा पुढं न्या. मशीनचा पाण्यातला पाय लई तिरपा हाय, त्याची खीळ एक भोक आत घ्या. अन् तळाचं शेवाळ खरवडा. बस."

मी हसलो. मागच्या फळीवर सगळ्यात जड माणूस म्हणजे आबा, गावात ज्यांचा शब्द चालायचा ते. त्यांना 'उठा, पुढं बसा, अंगावर पाणी घ्या' म्हणायला माझी जीभ कशी वळणार? त्याच वेळी आबांनी वरच्या काठावरून हाक मारली, "काय रं, दुरुस्त केलं का बिघडवलं तुझ्या मिस्त्रीनं?"

मिस्त्री माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "बिघडवलंच दिसतंय, आबा."

एवढंच बोललो. दुपारपर्यंत ते गावभर झालं, आठवड्यात तिन्ही गावांत. मासे धरणाऱ्यांनी आपली मशीनं दुसरीकडं नेली, मागोमाग शेतकऱ्यांनी पंप नेले. एकदा तो हत्यारांची पिशवी घेऊन काठावर आला होता. कुणी काम दिलं नाही, कुणी भांडलंही नाही. मी दोर गुंडाळत राहिलो. तो गुंडाळून झालेला होता, तरी पुन्हा सोडून गुंडाळला.

महिन्याभरानं मी त्यानं सांगितलं ते सगळं केलं. तळ खरवडला, खीळ आत घेतली, लांब नळी लावून डबा पुढं ठेवला. माणसांचंच अवघड होतं. म्हणून पुढची फळी हिरव्या रंगानं रंगवली, तिच्यावर जुनी गोधडी घडी करून टाकली, पाणी अडवायला समोर ताडपत्री ताणली आणि म्हणालो, "आबा, तुमच्यासाठी बैठक केली." आबा खूश होऊन पुढं बसले. नाव सरळ झाली. दोन विड्यांची वाट एका विडीत सरली.

"आरं, काय केलंस तरी काय?" आबांनी विचारलं.

"मीच मशीन खोलून नीट केलं," मी म्हणालो.

पहिल्या वेळी मी भिऊन बोललो होतो. या वेळी तेही कारण नव्हतं. त्यानंतर माझं कौतुक होत राहिलं आणि मी ते घेत राहिलो.

यंदा शेजाऱ्याचा पंप जळाला. कुणीतरी त्या मिस्त्रीच्या मुलाच्या दुकानाचं सांगितलं, तर शेजारी म्हणाला, "त्या घरचं नको. मशीन बिघडवत्यात ते." मी ते बोललो तेव्हा हा शेजारी पाळण्यात होता.

मी शहरात गेलो. मिस्त्री आता बहिरा झाला आहे. जे मी हळू आवाजात सांगायचं ठरवलं होतं ते ओरडून सांगावं लागलं. मुलाचा हातोडा थांबला. समोरचा चहावाला बाहेर आला.

मिस्त्री सगळं ऐकून म्हणाला, "मला मालूम होतं. काठावरून बघितलं मी. आबा पुढं, नाव सरळ."

"मग बोलला का न्हाई?"

"कोण ऐकून राहिलं होतं माझं?" त्यानं चहा पुढं केला. "इथं वरडून काय फायदा, भाऊ? ही गल्ली मला वळखती. तिकडं गावात सांगा."

म्हणून आबांकडं गेलो. ते ओसरीत बाजेवर असतात, भोवती चार माणसं असतात. शेजारीही होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं.

"म्हंजे माझ्या वजनानं?" आबा म्हणाले. कुणीतरी हसलं. आबा हसले नाहीत. छताकडं बघून म्हणाले, "सांगायचं होतंस की. उठलो असतो मी."

उठले असते का, मला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं.

 शेजाऱ्याचा पंप अजून त्याच्या दारात पडून आहे. येता-जाता मी बघतो. 'मिस्त्रीच्या मुलाकडं न्यायचा असला तर एका बाजूनं मी धरतो,' असं त्याला सांगून ठेवलं आहे. कंबर धरते, पण दुकानापर्यंत जमेल.